हात सोडा तिचे

“बाईमाणूस आहे ना आत, मग तुम्ही बाहेर बसा,” असं म्हणून मेटकरी सिस्टरांनी बाळंतपणाच्या खोलीचं दार माझ्या तोंडावर लावून घेतलं.

मी पुन्हा टकटक केली. त्यांनी फटीतून डोकं बाहेर काढलं. मी त्यांना सांगितलं, की माझ्या बायकोला ऐकू येत नाही, अजिबात येत नाही, आणि तुम्ही तोंडाला मास्क बांधलाय, म्हणजे तिला तुमचे ओठही दिसायचे नाहीत. काही सांगायचं झालं, विचारायचं झालं तर मी लागणार. सिस्टर म्हणाल्या, की आत दुसऱ्या टेबलावर आणखी एक बाई आहे, तिथे पुरुषाला घेता येत नाही. आणि कळा सगळ्या बायकांना सारख्याच येतात, त्याला काही भाषा लागत नाही. त्यांचंही सगळंच चूक होतं असं नाही. खोली एक, टेबलं दोन आणि मध्ये साधा पडदाही नव्हता.

मी बाहेरच्या बाकावर येऊन बसलो. सकाळची वेळ होती. विट्यातलं ते लहानसं हॉस्पिटल. खाली तपासणी, वर बाळंतपणाची खोली, आणि व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला ऑपरेशन थिएटर. उपळेकर डॉक्टरीणबाईंनी आठ-साडेआठला हेमाला तपासलं होतं. बाळाचं डोकं अजून वर आहे, पहिलंच आहे, वेळ लागेल, असं सांगून त्या थिएटरकडे गेल्या होत्या. तिथे त्यांचं कुणाचं तरी ठरलेलं ऑपरेशन होतं.

मला काळजी वाटत नव्हती. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. माझा स्वभावच तसा आहे. माझे आईवडील दोघंही बहिरे. मिरजेत वडिलांचं शिवणाचं दुकान होतं. मी तोंडाने बोलायला लागायच्या आधी हातांनी बोलायला लागलो. रेशनचं दुकान, बँक, दवाखाना, लाईटचं ऑफिस, सगळीकडे आईवडिलांच्या बरोबर मी असायचो. खिडकीपलीकडच्या माणसाच्या नजरेला नजर भिडवायची, काय ते विचारायचं आणि काम करून घ्यायचं, हे मला चड्डीत असल्यापासून येतं. पुढे मी मोटारींच्या वायरिंगचं काम शिकलो, सांगलीत स्वतःचं गॅरेज टाकलं. बहिऱ्या आईबापांचा पोरगा दिवसभर हॉर्न दुरुस्त करतो म्हणून मित्र हसायचे. मीही हसायचो.

हेमलता मला आमच्याच घरी भेटली. ती मिरजेच्या बहिऱ्या मुलांच्या शाळेत होती, वसतिगृहात राहायची. शाळा सुटल्यावरही त्या मुलामुलींचा आमच्या घरी राबता असे, कारण तिथे सगळ्यांना सगळ्यांशी बोलता यायचं. माझ्या आईशी तिची इतकी गट्टी जमली, की लग्न माझ्याशी झालं की आईशी, असं मी अजून म्हणतो.

तिच्या माहेरी मात्र तसं नव्हतं. माझ्या सासूबाई, इंदुबाई, विट्याच्या पेठेत बांगड्यांचं दुकान चालवायच्या. जातीचे कासार. नवरा लवकर गेलेला. आसपासच्या गावांतल्या नवऱ्यामुली, बाळंतिणी, सगळ्यांच्या हातांत चुडा भरायचा तो इंदुबाईंनीच, अशी ख्याती. बाईचा हात हातात घेतला की नुसत्या दाबण्यावरून कोणत्या मापाची बांगडी लागेल ते त्यांना कळायचं. हेमा दोनेक वर्षांची असताना तापात तिचे कान गेले. सहाव्या वर्षी त्यांनी काळजावर दगड ठेवून तिला मिरजेला शाळेत घातलं. तेव्हा शाळेतल्या बाईंनी बजावून सांगितलं होतं, की घरी मुलीला हातवारे करू देऊ नका, नाहीतर ती तोंडाने बोलायला शिकायची नाही. इंदुबाईंनी ते तंतोतंत पाळलं. हेमा सुट्टीत घरी आली आणि हात उचलून काही सांगायला लागली, की त्या हळूच तिचे हात खाली करायच्या. म्हणजे झालं असं, की शाळेत पोरीपोरींत राहून हेमा हातांची भाषा शिकली, आणि आईला ती कधी कळलीच नाही. जेव, झोप, ये, नको, देव, पैसे, दुकान, पाळणा, अशा दहावीस खुणांवर मायलेकींचं चालायचं. पण इंदुबाईंना ते कमी वाटत नसे. “माझ्या पोटची हाय. मला कळतं तिचं,” असं त्या ठासून सांगायच्या.

त्या दिवशी सकाळी कळा सुरू झाल्यावर मी म्हणालो होतो, की मी आत थांबतो. त्यावर त्यांनी सगळ्यांच्या देखत मला सुनावलं, की जावईबापू, आमच्यात पुरुषमाणूस बाळंतपणात जात नसतो, मी आहे, मी तिची आई आहे. हेमाने माझ्याकडे बघून विचारलं, काय म्हणते आई? मी सांगितलं. हेमा म्हणाली, राहू दे, तिला राहू दे आत. तिला बरं वाटेल. म्हणून मी फार ताणलं नाही.

तर मी बाकावर बसलो होतो. डोक्यावरची ट्यूब फडफडत होती, तिचा चोक गेलाय हे मला दिसत होतं आणि निघायच्या आधी हा बदलून देऊ, असा विचार मनात होता. आतून दुसऱ्या बाईचं ओरडणं ऐकू येत होतं. मध्येच हेमाचा आवाज आला. तिचा आवाज मी गर्दीतही ओळखतो. ती एरवी आवाज काढत नाही, शाळेत मारून मुटकून शिकवलेले चार शब्द सोडले तर. तो कळेचा आवाज होता. मग थोड्या वेळाने पुन्हा आला, आणि तो मात्र कळेचा नव्हता. तो हाक मारल्याचा होता. आमच्या घरात कुणाचं लक्ष वेधायचं असेल आणि समोरचा ऐकणारा असेल तर असा आवाज काढतात.

मी उठून उभा राहिलो, तेवढ्यात दार उघडलं.

इंदुबाई बाहेर आल्या. पदर कमरेला खोचलेला, कपाळावर घाम. त्यांनी दार मागे ओढून घेतलं नाही, एका हाताने उघडंच धरून ठेवलं. मला त्या दिवसाआधी त्यांच्या चेहऱ्यावर भीती कधी दिसलेली नव्हती.

“ती काहीतरी सांगतीय,” त्या म्हणाल्या. “मगापासनं सांगतीय. मला कळंना.”

मी पुढे झालो. मागून मेटकरी सिस्टरांचा आवाज आला, की अहो, त्यांना आत आणू नका, मघाशी सांगितलंय ना. इंदुबाई वळल्या.

“मी आई हाय तिची. मला कळंना,” त्या सिस्टरांना म्हणाल्या. “ह्यांना कळतं. ह्यांना आत येऊ द्या.”

आणि सिस्टर काही बोलायच्या आत त्यांनी खुर्चीवरची चादर ओढून घेतली आणि दुसऱ्या टेबलापुढे ती दोन्ही हातांनी उंच ताणून धरून उभ्या राहिल्या. त्या चादरीच्या आडोशाने मी आत गेलो.

हेमा टेबलावर पाठीवर होती. डाव्या हाताला सलाइन लावलेलं, आणि तो हात सिस्टरांनी मनगटापाशी दाबून धरलेला. उजवा हात आयाबाईंनी धरलेला. आयाबाई मला सांगायला लागल्या, की पाण्याची पिशवी आत्ताच फुटली, आणि तेव्हापासून ही सारखी हात खाली घालतेय, सलाइन ओढतेय, ऐकतच नाही. हेमाने मला पाहिलं. तिने माझ्यावर डोळे रोखले आणि मान हलवून आपल्या हातांकडे खूण केली.

“हात सोडा तिचे,” मी म्हणालो.

“सलाइन निघंल,” सिस्टर म्हणाल्या.

“निघू दे. ती बोलतेय. हात सोडा.”

माझा आवाज चढला नव्हता. पण गॅरेजमध्ये गाडीखाली पोरगा असताना कुणी चावी फिरवायला गेलं तर मी जसं बोलतो, तसं बोललो असणार. सिस्टरांनी हात सोडला. आयाबाईंनीही सोडला.

हेमा बोलायला लागली. सलाइनची नळी हवेत हेलकावत होती. आईवडिलांच्या वेळेपासूनची माझी सवय आहे, समोरचा हातांनी जे म्हणेल ते मी त्याच्याच तोंडचं म्हणून बोलतो. तसंच मी मोठ्याने बोलत गेलो. “पाणी गेलं. त्याच्याबरोबर आतून काहीतरी घसरलं. मऊ आहे. दोरीसारखं. मी हात लावून बघितलं. बाहेर आलंय थोडं.” इथे ती थांबली. मग तिने उजव्या हाताची मूठ हलकेच उघडली आणि मिटली, उघडली आणि मिटली, भरभर. “त्यात ठोके आहेत. माझे नाहीत. माझ्यापेक्षा जलद आहेत.”

मी शेवटचं वाक्य म्हटलं आणि सिस्टरांचा चेहरा बदलला. त्यांनी हेमाच्या अंगावरची चादर वर केली, वाकून पाहिलं, आणि आयाबाईंना एवढंच म्हणाल्या, “मॅडमना बोलवा. नाळ बाहेर आलीय म्हणावं.” आयाबाई पळाल्या.

मला त्या वेळी नाळ बाहेर येणं म्हणजे काय ते माहीत नव्हतं. नंतर डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. बाळाचं डोकं वर असताना पाणी फुटलं, तर कधीतरी पाण्याबरोबर नाळ डोक्याच्या आधी खाली घसरते. मग प्रत्येक कळेला डोकं खाली येतं आणि नाळ चेपते. नाळ चेपली की बाळाचा श्वासच कोंडला म्हणायचा. पण ते सगळं नंतर. तेव्हा मला फक्त सिस्टरांचे डोळे कळले.

डॉक्टरीणबाई थिएटरच्या हिरव्या कपड्यांतच आल्या, हातमोजे चढवत. त्यांनी मला पाहिलं, इंदुबाईंना चादर धरलेलं पाहिलं, आणि त्याबद्दल काहीच विचारलं नाही. हाताने तपासलं आणि तो हात बाहेर काढलाच नाही.

“डोकं मी वर ढकलून धरलंय. आता हिला पालथं करायचं,” त्या मला म्हणाल्या. “गुडघ्यांवर आणि कोपरांवर. डोकं खाली, कंबर वर. आणि जोर करायचा नाही. कितीही कळ आली तरी जोर करायचा नाही. सांगा तिला.”

मी सांगितलं. हेमाने एकदाच मान डोलावली आणि वळली. पोट एवढं, हाताला सुई, आत डॉक्टरांचा हात, आणि तरी ती कशी वळली ते मला आजही सांगता येणार नाही. पण वळल्यावर माझ्या लक्षात आलं, की तिचं तोंड आता गादीकडे आहे. मी कुठेही उभा राहिलो तरी तिला दिसणार नव्हतो.

मी जमिनीवर बसलो आणि टेबलाच्या कडेशी, तिच्या डोक्याखाली पाठ टेकून मान मागे टाकली. तिने डोकं टेबलाच्या बाहेर काढलं. आता तिचा चेहरा माझ्या चेहऱ्यावर होता, हातभर अंतरावर, उलटा. तिचे केस माझ्या कपाळाला लागत होते. मी दोन्ही हात वर केले आणि त्या मधल्या जागेत बोलायला लागलो.

कळ आली. तिच्या डोळ्यांत ती मला आधी दिसली. मी गाल फुगवून फुंकर घालून दाखवली. तीही फुंकर घालायला लागली. माझ्या तोंडावर तिचा श्वास येत होता. जोर नको, मी म्हणत होतो. नको, नको, सोड, फुंकर घाल. तिच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या, घाम टपटप माझ्या डोळ्यांत पडत होता. तिने जोर केला नाही.

कळ ओसरली तशी तिने कोपर टेकलेलंच ठेवून बोटं उचलली. तिने विचारलं, ठोके?

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं.

“आहेत,” त्या म्हणाल्या. “मंदावलेत. पण आहेत.”

लहानपणी दवाखान्यात डॉक्टर काहीही बोलले तरी आईला सांगताना मी त्यातलं अर्धं गाळून सांगायचो. सगळी पोरं तेच करतात. आत्ताही माझे हात ‘सगळं ठीक आहे’ म्हणायला निघाले होते. हेमा माझ्याकडे बघत होती. मला वाटतं, तिला मी हात उचलण्याआधीच कळलं असावं.

सगळं सांग, ती म्हणाली.

मी सांगितलं. मंदावलेत. पण आहेत.

तिने डोळे मिटले, उघडले, आणि विचारलं, मग इथे का थांबलोय?

मी तेही मोठ्याने म्हटलं. मेटकरी सिस्टर ढकलगाडी टेबलाला लावतच होत्या. थिएटरमधलं ऑपरेशन नुकतंच संपलं होतं, भूल देणारे डॉक्टर तिथेच होते, हे आमचं नशीब. हेमाला तशीच, पालथी, गाडीवर घेतलं. डॉक्टरीणबाई हात न काढता गाडीबरोबर वाकून चालत होत्या. मी पुढे उलटा चालत होतो, गुडघ्यांत वाकून, तिला माझे हात दिसतील असा. आणि इंदुबाई शेजारून चालत होत्या. सिस्टरांनी सांगितलं होतं, की बांगड्या काढाव्या लागतील, थिएटरमध्ये चालत नाहीत, नाहीतर फोडाव्या लागतील. सातव्या महिन्यात स्वतः भरलेला तो हिरवा चुडा. इंदुबाईंनी लेकीचा हात धरला, अंगठ्याच्या मुळाशी दाबला, आणि चालता चालता एकेक बांगडी उतरवून पदरात टाकत गेल्या. एकही फुटली नाही. दुसऱ्या हाताला, बांगड्यांच्या वरच्या बाजूला, सलाइनची सुई होती. त्या हाताच्याही काढल्या, सुई न हलवता.

थिएटरच्या दाराशी इंदुबाई आपण होऊन थांबल्या. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, “तुम्ही या. भूल देईपर्यंत.”

कुणीतरी माझ्या डोक्यावर टोपी चढवली, अंगात झगा घातला. मास्कही देत होते, तो मी घेतला नाही. माझा चेहरा तिला दिसायला हवा होता, आणि तिथे कुणी हट्ट धरला नाही. भूल देणारे डॉक्टर सांगत गेले, मी हेमाला सांगत गेलो. आता कुशीवर, आता पाठीवर, तोंडावर हे लावतील, दीर्घ श्वास घे, झोप येईल. तिने त्यांचा हात थांबवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, थांबा, तिला काहीतरी म्हणायचंय.

मी झोपले की यांना सांगणार कोण, तिने विचारलं.

आता सांगायचं काही राहिलं नाही, मी म्हणालो. तू सगळं सांगितलंस.

तिने मला एकदा नीट बघितलं. मग स्वतःच मास्क तोंडाकडे ओढून घेतला. थोड्या वेळाने तिची बोटं उलगडली. मला बाहेर काढलं.

इंदुबाई व्हरांड्यात भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. पदरात बांगड्या. मी त्यांच्याजवळ बसलो.  त्या पदराकडेच बघत म्हणाल्या, की ती मगाशी सारखी दोरी, दोरी करत होती. बोटांनी दोरी ओढल्यासारखं दाखवायची. आमच्या घरी तसं केलं म्हणजे पाळणा. मला वाटलं, पाळणा आणलाय का विचारतेय.

“मी हो म्हणत होते,” त्या म्हणाल्या. “तिच्या तोंडावरनं हात फिरवून हो, हो म्हणत होते.”

मी जे खरं होतं तेच बोललो.

“मामी, ती अजून काही वेगळं सांगतेय हे तुम्हालाच कळलं. दार तुम्ही उघडलंत.”

 त्या एक बांगडी उचलून ती निरखत, बोटांत गोल गोल फिरवत बसल्या.

आतून काहीच आवाज येत नव्हता. मी उभा राहिलो. आयुष्यभर मी ऐकू न येणाऱ्या माणसांत राहिलो, शांततेची मला भीती वाटायचं कारण नव्हतं. त्या शांततेची वाटली. दारामागे भराभर पावलं वाजली, कसलं तरी यंत्र सुरू झालं, आणि मग बॅटरी उतरलेल्या गाडीचा हॉर्न जसा आधी नुसता घरघरतो, थांबतो, पुन्हा घरघरतो आणि एकदम सूर धरतो, तसं कुणीतरी रडलं.

इंदुबाई उठल्या. पदर सुटला आणि सगळ्या बांगड्या फरशीवर सांडल्या. त्यांनी खाली बघितलंसुद्धा नाही.

मुलगी होती. रडायला तिने वेळ लावला होता, डॉक्टरांना तिची पाठ चोळावी लागली, हवा द्यावी लागली. पण एकदा रडली ती थांबेना. दुपारी हेमा शुद्धीवर आली तेव्हा मी हे सगळं तिला सांगितलं, काही न गाळता. तिने मला तीनदा तेच विचारलं, ठोके आता कसे आहेत, आणि तिसऱ्यांदा मी बाळालाच उचलून तिच्या छातीवर ठेवलं. तिने तळवा बाळाच्या पाठीवर ठेवला आणि बोटांनी बघितलं. मग तिचं तोंड सैल झालं.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई बघायला आल्या. मला म्हणाल्या, की तुम्ही योग्य वेळी आत आलात म्हणून बरं झालं, नाहीतर कठीण होतं. मी त्यांना म्हणालो, “मॅडम, मला काही कळलेलं नव्हतं. तिला कळलं. तुम्ही तिच्याशी बोला, मी सांगतो तिला.”

त्या जरा थबकल्या. मग कॉटच्या दुसऱ्या बाजूने जाऊन हेमासमोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, इतकी वर्षं बाळंतपणं करतेय, पण नाळ आलीय हे पेशंटने स्वतः हाताने ओळखून मला सांगितलं, असं पहिल्यांदाच झालं.

मी ते हेमाला सांगितलं. तिने उत्तर दिलं. मी तिच्याकडे बघितलं, हेच सांगू ना? ती म्हणाली, हेच सांग.

“ती म्हणतेय,” मी म्हणालो, “आधी विचारलं असतं, तर आधी सांगितलं असतं.”

मेटकरी सिस्टर मागे उभ्या होत्या. त्यांनी नजर खाली घातली. डॉक्टरीणबाई हेमाकडे बघत राहिल्या आणि मग त्यांनी मान डोलावली, माझ्याकडे न वळता, सरळ तिच्याकडे बघून.

त्या गेल्यावर खोलीत आम्ही तिघंच उरलो, आणि बाळ. इंदुबाई बाळाचे पाय चेपत बसल्या होत्या. हेमा बाळाकडे बघत होती. किती तरी वेळ नुसती बघत होती. बाळ झोपलेलं होतं, पण झोपेतही त्याची उजवी भुवई वर चढलेली, कुणाला तरी जाब विचारल्यासारखी. हेमाने माझ्याकडे पाहिलं, पहिलं बोट उचललं आणि आपल्या उजव्या भुवईवरून बाहेरच्या बाजूला, वरती, असं ओढलं.

आमच्या लोकांत नाव असं पडतं. माणसाकडे नीट बघायचं, त्याचं काहीतरी नेमकं पकडायचं आणि ते हाताने म्हणायचं. मला माझं नाव माझ्या आईने असंच ठेवलं होतं. पुढे बाराव्या दिवशी माझ्या मावसबहिणीने बाळाच्या कानात ‘शर्वाणी’ हे नाव सांगितलं, ते शाळेत लागलं, आणि आता ते कॉलेजच्या ओळखपत्रावर आहे. लेकीला ऐकू येतं. ती फोनवर बोलायला लागली की थांबत नाही, आणि हातांनी बोलायला लागली की त्याहून थांबत नाही. पण घरात तिचं नाव ते, भुवईवरचं.

इंदुबाईंनी हेमाचं बोट पाहिलं होतं.

“काय म्हणाली?” त्यांनी मला विचारलं.

मी सांगायला तोंड उघडलं होतं. पण मग म्हणालो, “मामी, तिलाच विचारा.”

त्या गोंधळल्या. कसं विचारायचं ते त्यांना माहीत नव्हतं. त्या उठल्या, कॉटच्या उशाशी जाऊन लेकीसमोर उभ्या राहिल्या, आणि हात अर्धवट उचलून तसाच धरून ठेवला. हेमाला तेवढं पुरलं. तिने बाळाकडे बोट दाखवलं आणि तेच बोट पुन्हा भुवईवरून ओढलं. हळू, दिसेल असं.

इंदुबाईंनी करून पाहिलं. अंगठा वापरला, आणि तोही कपाळावरून, कुंकू लावल्यासारखा. हेमाने नाही म्हणून मान हलवली. तिने आईचा हात धरला, अंगठा दुमडला, बाकीची बोटं मिटवली, एकच ठेवलं, आणि ते आईच्याच भुवईवरून ओढलं. मग हात सोडला आणि वाट बघितली.

इंदुबाईंनी पुन्हा केलं. बरोबर आलं. हेमा हसली.

मग इंदुबाई नातीकडे वळल्या, तिच्या तोंडावर वाकल्या आणि त्यांनी तिला तिच्या नावाने हाक मारली. पोरीचे डोळे गच्च मिटलेले होते. त्यांनी पुन्हा मारली.